नव्या डांबरी थरावरचे पट्टे: महामार्गाच्या नूतनीकरणात रोड मार्किंग कसे करावे

महामार्गावर नवा डांबरी थर पडला की पहिल्या काही रात्री तोच रस्ता वाहनचालकाला सर्वांत जास्त फसवतो. खड्डे गेलेले असतात, चाकाखाली आवाज येत नाही, वेग नकळत वाढतो आणि नेमक्या त्याच वेळी लेन कुठे संपते, कड कुठे आहे, वळण कुठून सुरू होते हे सांगणारी एकही रेषा समोर नसते. नवा काळा थर हेडलाइटचा उजेड फारसा परत देत नाही, आणि पाऊस असेल तर रस्त्याची कड व साइडपट्टी यांत काही फरकच उरत नाही. म्हणून या क्षेत्रात नव्याने आलेल्या अभियंत्याने आणि पर्यवेक्षकाने एक गोष्ट पहिल्या दिवशीच मनात पक्की करावी. मार्किंगचे काम डांबरीकरण उरकल्यावर सुरू होत नाही. ते जुना थर खरवडणारे मिलिंग मशीन साइटवर येण्याआधी सुरू होते आणि रात्रीच्या पाहणीनंतरच संपते. पुढील सर्व पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत.

जुना थर खरवडण्याआधी

मिलिंग मशीन एका फेरीत जुन्या थराबरोबर त्यावरचे सगळे पट्टेही खरवडून नेते, आणि त्यांच्याबरोबर रस्त्याविषयीची बरीच माहितीही जाते. ओव्हरटेकिंगला मनाई करणारा अखंड पट्टा कुठे सुरू होतो व कुठे संपतो, वळणाचे बाण, थांबा रेषा, झेब्रा क्रॉसिंग, रॅम्प फुटतो तिथला तिरप्या पट्ट्यांचा त्रिकोण, लेन कमी होण्याची जागा, या सगळ्यांची साखळी क्रमांकानुसार, म्हणजे रस्त्याच्या आरंभापासूनच्या अंतरानुसार, नोंद खरवडण्याआधीच व्हायला हवी. नोंद वहीत करावीच, शिवाय त्या जागेच्या खुणा रस्त्याबाहेरच्या पक्क्या वस्तूंवर, म्हणजे संरक्षक कठड्यावर, कर्बवर किंवा दगडावर रंगाने कराव्यात आणि त्या खुणेपासून पट्ट्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहावे. दोन्ही दिशांनी सावकाश गाडी चालवत केलेले चित्रीकरण पुढे अनेक वाद मिटवते.

मात्र जुने पट्टे जसेच्या तसे उतरवून काढणे हे या नोंदीचे उद्दिष्ट नाही. नूतनीकरण ही चुका दुरुस्त करण्याची संधी असते. मधल्या वर्षांत वळणाच्या आतल्या बाजूला झाडे वाढलेली असतात, नवा प्रवेशमार्ग फुटलेला असतो, किंवा मुळातच दृश्य अंतर कमी असताना तिथे खंडित पट्टा मारलेला असतो. म्हणून प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर समोरचे किती अंतर दिसते हे प्रत्यक्ष मोजावे. मोटारचालकाची नजर रस्त्यापासून साधारण १.१ ते १.२ मीटर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवर डोळा ठेवून एकाने उभे राहावे, दुसऱ्याने तशीच उंच काठी घेऊन पुढे चालत जावे, आणि काठी दिसेनाशी होताच तिथपर्यंतचे अंतर मोजावे. ही मोजणी दोन्ही दिशांनी स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण अखंड पट्टा एका दिशेला जिथे संपायला हवा तिथे दुसऱ्या दिशेला तो अजून चालू राहायला हवा, असे वारंवार आढळते.

माझ्या सुरुवातीच्या एका कामात एका माथ्यावरची नोंद फक्त नकाशावरून घेतली गेली होती. पट्टे मारणाऱ्या मशीनने तिथे सरळ खंडित पट्टे मारत नेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडीतून जाताना ते लक्षात आले. सुमारे दोनशे मीटरमधले पट्टे खरवडून काढावे लागले आणि आठवड्याभरापूर्वीच टाकलेल्या थरावर त्यांचे व्रण कायमचे राहिले. वहीतल्या एका ओळीने ते टळले असते.

याच टप्प्यावर आणखी एक निर्णय घ्यावा लागतो, जो नवख्या लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही, तो म्हणजे वरच्या थराचा लांबीतला सांधा कुठे येणार हा. पेव्हर, म्हणजे डांबर अंथरणारे यंत्र, शेजारीशेजारी टाकते त्या डांबराच्या दोन पट्ट्यांमधला हा सांधा चाकोरीखाली येऊ नये, लेनच्या रेषेजवळ यावा, हे पेव्हिंगच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु पट्टा थेट सांध्यावरच मारला, तर काही काळाने सांध्याची खडी सुटू लागते आणि तिच्याबरोबर पट्टाही तुकड्यातुकड्यांनी निघून जातो. म्हणून पट्टा सांध्यापासून काही सेंटीमीटर बाजूला राहील अशी मांडणी पेव्हिंग सुरू होण्याआधीच पेव्हिंगच्या टोळीबरोबर बसून ठरवावी. नंतर ती बदलता येत नाही.

थर पडतानाचे दिवस आणि तात्पुरते पट्टे

नूतनीकरणाचे काम एका दिवसात होत नाही. खरवडलेला पृष्ठभाग, मग खालचा थर, मग वरचा थर, अशा प्रत्येक अवस्थेत रस्ता संध्याकाळी वाहतुकीसाठी उघडला जातो. ज्या संध्याकाळी रस्ता उघडायचा, त्याच संध्याकाळपर्यंत तात्पुरत्या खुणा झालेल्या असल्या पाहिजेत, हा नियम मोडू देऊ नये. अमेरिकेतील वाहतूक चिन्हांची संहिता, जिला एमयूटीसीडी म्हणतात, तात्पुरत्या छोट्या पट्ट्यांवर साधारणपणे १४ दिवसांहून अधिक काळ अवलंबून राहू नये असे सांगते. आपल्या कामाला लागू असलेल्या संहितेत काय म्हटले आहे ते पाहून मुदत कामाच्या वेळापत्रकात लिहूनच ठेवावी.

खालच्या थरावर साधा रंग चालतो, कारण तो पुढच्या थराखाली झाकला जाणार असतो. अंतिम थरावर मात्र तात्पुरती खूण रंगाने करण्यात मोठा धोका आहे. तिथे काढता येणारी टेप किंवा चिकटवायच्या उभ्या परावर्तक पट्ट्या वापराव्यात, आणि रंग वापरावाच लागला तर तो अंतिम पट्ट्याच्या नेमका खाली झाकला जाईल अशा जागीच मारावा. चुकीच्या जागी पडलेला पट्टा काळ्या रंगाने झाकून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो पूर्णपणे टाळावा. ओल्या रस्त्यावर किंवा सूर्य समोरून तिरपा असताना तो काळा रंग चकाकतो, खऱ्या पट्ट्यापेक्षाही ठळक दिसतो आणि चालकाला चुकीच्या लेनमध्ये नेतो. उपरोक्त संहितेतही काळा रंग मारणे म्हणजे पट्टा काढणे नव्हे असे स्पष्ट म्हटले आहे. पट्टा काढायचाच असेल तर उच्च दाबाच्या पाण्याने काढावा. खरवडण्यापेक्षा त्याने थराला कमी इजा होते. जुना पिवळा रंग यंत्राने घासून काढताना मात्र धुळीची काळजी घ्यावी, कारण पूर्वीच्या पिवळ्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते आणि कामगारांच्या नाकातोंडात ती धूळ जाता कामा नये.

पदार्थ आणि पृष्ठभाग

पदार्थाची निवड बहुधा निविदेतच ठरलेली असते, म्हणून तिचा विस्तार येथे करत नाही. पाण्यात किंवा द्रावकात मिसळलेला रंग स्वस्त व पटकन मारता येणारा असतो, पण लवकर झिजतो. वितळवून मारायचे थर्मोप्लास्टिक डांबरी थराशी उष्णतेने एकजीव होते आणि वर्दळीच्या रस्त्यावर टिकते. दोन घटक मिसळून घट्ट होणारे इपॉक्सी किंवा कोल्ड प्लास्टिक काँक्रीटवरही चांगले धरते. तयार टेप सर्वांत महाग असली तरी तिला नव्या डांबरी थरावर एक विशेष सोय मिळते. थर अजून ऊनऊन असतानाच ती अंथरून रोलरखाली दाबली, तर ती थरात बसते आणि चाकांचा मार कमी सोसते. त्यासाठी टेपवाले आणि रोलरवाले एकाच वेळी साइटवर हवेत, हे आधी ठरलेले असावे लागते.

पृष्ठभागाच्या बाबतीत तीन शब्द पुरेसे आहेत: कोरडा, स्वच्छ, उबदार. यांतला कोरडेपणा डोळ्यांना फसवतो. पहाटे रस्ता कोरडा दिसत असला तरी थराच्या छिद्रांत ओल असते. थर्मोप्लास्टिक सुमारे २०० अंश सेल्सिअसला त्यावर पडले की त्या ओलीची वाफ होते आणि पट्ट्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे किंवा फोड उठतात. याची चाचणी सोपी आहे. हातभर लांबरुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने रस्त्यावर घट्ट बसवावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उचलून पाहावा. आतल्या बाजूला दव जमले असेल तर काम थांबवावे. तापमानाबाबत पदार्थ बनवणाऱ्याच्या सूचना पाळाव्यात. साधारणपणे हवा व रस्ता १० अंशांच्या खाली असताना थर्मोप्लास्टिक मारू नये, आणि रस्त्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असावे. काँक्रीटचा रस्ता असेल तर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीटमधली ओल टिकवण्यासाठी, फवारलेल्या रसायनाचा पापुद्रा काढल्याशिवाय आणि योग्य प्रायमर लावल्याशिवाय पट्टा मारणे व्यर्थ आहे, कारण तो पट्टा काँक्रीटला न चिकटता त्या पापुद्र्यालाच चिकटतो.

नव्या डांबरावर द्रावकयुक्त रंग लगेच मारला तर द्रावक डांबर मऊ करतो आणि तपकिरी छटा पांढऱ्या रंगातून वर येते. असा पट्टा दिवसाही मळकट दिसतो. म्हणून रंगासाठी किती दिवस थांबायचे हे कंत्राटातच लिहिलेले असावे.

आखणी

पट्टा वाकडा दिसला की दोष मशीनला दिला जातो, पण बहुतेक वेळा चूक आखणीत असते. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे डांबराच्या कडेपासून मोजणे. पेव्हरची कड काही सेंटीमीटर आतबाहेर होतच असते, आणि तिच्यापासून अंतर मोजले की तिचे सगळे हेलकावे पट्ट्यात उतरतात. मोजणी नेहमी मध्यरेषेच्या मोजून पक्क्या केलेल्या बिंदूंपासून करावी. सरळ भागात हे बिंदू पंधरा-वीस मीटरवर पुरतात, वळणावर मात्र ते पाच मीटरवर आणावेत. दोन बिंदूंमध्ये दोरी ताणून खडूच्या किंवा पातळ रंगाच्या बारीक खुणा करत जावे. वळणावर दोरी सरळ ताणली जाते आणि वळणाचे तुकडे पडतात, म्हणून तिथे दोरी बिंदूंवर जमिनीला टेकवून हाताने गोलाई साधावी लागते.

आखणी झाल्यावर मशीन लगेच पुढे नेऊ नये. शंभर-दीडशे मीटर मागे जाऊन गुडघ्यावर बसावे आणि खुणांच्या ओळीकडे जमिनीलगत पाहावे. वरून पाहताना जो दोन सेंटीमीटरचा बाक जाणवत नाही, तो खालून पाहताना लगेच डोळ्यांत खुपतो. चालकही पट्टा असाच दूरवरून, तिरप्या नजरेने पाहत असतो. खुणा पुसून पुन्हा करायला दहा मिनिटे लागतात, पट्टा काढायला अख्खा दिवस जातो.

खंडित पट्ट्यांची लांबी आणि मधले अंतर यांचा क्रम मशीनवरच्या टायमरवर सोडला तरी दर काही शे मीटरला तो टेपने मोजून पाहावा. पूल, चौक किंवा अखंड पट्टा जिथे सुरू होतो तिथे हा क्रम अर्धवट तुटणार असेल, तर तो कसा जुळवायचा हे आधीच आखून ठेवावे.

पट्टा मारणे आणि काचेचे मणी

रात्री पट्टा दिसतो तो रंगामुळे कमी आणि काचेच्या मण्यांमुळे अधिक. मोहरीच्या दाण्याहून लहान असलेल्या या मण्यात हेडलाइटचा किरण शिरतो, वळतो, मण्याच्या मागच्या बाजूला असलेल्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पदार्थावर पडतो आणि तिथून परतून पुन्हा त्याच मण्यातून चालकाच्या दिशेने बाहेर येतो. हे घडण्यासाठी मणी साधारण अर्धा, फार तर साठ टक्के, पदार्थात रुतलेला असावा लागतो. तो पूर्ण बुडाला तर त्यात प्रकाश शिरतच नाही. नुसता वरवर टेकला तर पहिल्याच आठवड्यात चाकांनी निघून जातो. पट्टा नीट मारला की नाही, हा प्रश्न अखेरीस मणी किती रुतला या प्रश्नावर येऊन थांबतो.

मणी किती रुतेल हे पदार्थाचे तापमान, त्याची जाडी, मशीनचा वेग आणि मणी टाकणारी नळी पट्ट्यामागे किती अंतरावर आहे, या सर्वांवर अवलंबून असते. थर्मोप्लास्टिक फार गरम असेल किंवा नळी फार जवळ असेल तर मणी बुडतात. थंड झालेल्या पट्ट्यावर उशिरा पडले तर ते नुसते लोळतात. रंग मारताना मशीनचा वेग फार वाढवला की मणी रंगात गडगडत जातात, त्यांच्या एका बाजूला रंग फासला जातो आणि मग तो पट्टा एका दिशेने येणाऱ्याला झळाळता व उलट दिशेने येणाऱ्याला निस्तेज दिसतो. दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावरची मध्यरेषा म्हणूनच दोन्ही दिशांनी तपासावी लागते. मण्यांची पोती ओल्या जागेत ठेवू नयेत. ओलीने मणी एकमेकांना चिकटतात आणि पट्ट्यावर कुठे ढीग तर कुठे मोकळे असे पडतात.

प्रत्यक्ष कामाच्या जागेवर एक लहानसे भिंग खिशात असावे. ताज्या पण थंड झालेल्या पट्ट्यावर भिंग धरून पाहिले की अर्धे रुतलेले मणी दवाच्या थेंबांसारखे गोल व चमकदार दिसतात. बुडालेल्यांच्या जागी नुसता उंचवटा जाणवतो आणि निसटलेल्यांच्या जागी वाटोळा खळगा दिसतो. दर शंभर मीटरला एक मिनिट भिंगातून पाहणारा पर्यवेक्षक दिवसभराचे काम वाया जाण्यापासून वाचवू शकतो.

जाडी मोजण्यासाठी मशीनच्या वाटेत पातळ पत्र्याचा तुकडा ठेवावा. मशीन त्यावरून गेले की पट्ट्यासकट पत्रा उचलावा, थंड होऊ द्यावा, व्हर्नियर कॅलिपरने एकूण जाडी मोजावी आणि त्यातून पत्र्याची जाडी वजा करावी. रंगाची ओली जाडी दातेरी कंगव्याच्या गेजने लगेच मोजता येते. याखेरीज वापरलेल्या मालाचा हिशोब हीही उत्तम तपासणी आहे. १५ सेंटीमीटर रुंदीचा १ किलोमीटर अखंड पट्टा म्हणजे १५० चौरस मीटर क्षेत्र. तिथे थर्मोप्लास्टिक २.५ मिलिमीटर जाड हवे असेल आणि त्याची घनता लिटरला सुमारे २ किलो धरली, तर ७५० किलो माल लागायलाच हवा. संध्याकाळी रिकाम्या पोत्यांची मोजणी ५०० किलोच भरली, तर जाडी कुठे गेली हे विचारायला दुसरा पुरावा लागत नाही. मण्यांचाही हिशोब असाच लावावा. चौरस मीटरला २५० ग्रॅम ठरले असतील तर त्याच किलोमीटरला साडेसदतीस किलो मणी वर टाकलेले दिसले पाहिजेत.

थर्मोप्लास्टिकच्या बॉयलरवर तापमापक चालू स्थितीत आहे याची खात्री स्वतः करून घ्यावी. माल जास्त तापला किंवा वारंवार थंड करून पुन्हा तापवला, तर पांढरा पट्टा पिवळसर पडतो आणि ठिसूळ होतो. हा पदार्थ अंगावर उडाला तर तो ओढून काढू नये, कातडी निघते. त्यावर भरपूर गार पाणी ओतत राहावे आणि तातडीने डॉक्टरकडे न्यावे. हे प्रत्येक कामगाराला काम सुरू होण्यापूर्वी सांगितलेले असावे.

चिकटण्याची परीक्षाही करावी. पट्टा पूर्ण थंड झाल्यावर त्याच्या कडेखाली पटाशी घालून तो उचलण्याचा प्रयत्न करावा. डांबर किंवा बारीक खडी त्याच्या पोटाला चिकटून आली तर पकड चांगली आहे. पोट स्वच्छ व गुळगुळीत निघाले तर ओल, धूळ किंवा कमी तापमान यांपैकी काहीतरी चुकले आहे, आणि ते सापडेपर्यंत मशीन पुढे नेऊ नये.

रात्रीची पाहणी

दिवसा पांढरा शुभ्र दिसणारा पट्टा रात्री मृत असू शकतो, म्हणून दिवसाच्या पाहणीवर काम स्वीकारू नये. परावर्तन मोजण्याचे यंत्र ३० मीटर पुढचा पट्टा मोटारचालकाला कसा दिसेल याची नक्कल करते. त्यात नजर १.२ मीटर व दिवा ०.६५ मीटर उंचीवर धरलेला असतो. हे मोजमाप प्रति लक्स प्रति चौरस मीटर मिलिकँडेला या एककात येते. अमेरिकेत २०२२ साली ठरलेल्या नियमानुसार ताशी ३५ मैल किंवा अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यांवर हा आकडा ५० च्या खाली जाऊ देऊ नये असे आहे, आणि ताशी ७० मैल व त्यापुढे १०० राखण्याची शिफारस आहे. हे झिजलेल्या पट्ट्यासाठीचे किमान आकडे आहेत, नव्या पट्ट्याचा आकडा त्याच्या कितीतरी वर असायला हवा. पट्टा मारल्यावर लगेच मोजणी करू नये, कारण वर सुटे पडलेले मणी मोजणी बिघडवतात. ते वाहतुकीने किंवा झाडूने निघून गेल्यावर मोजावे. भारतात आयआरसी:३५, युरोपात ईएन १४३६ अशी स्वतंत्र मानके आहेत, आणि स्वीकृतीचा आकडा त्या-त्या कंत्राटातूनच घ्यावा.

यंत्र नसेल तर चांगला टॉर्च घेऊन रात्री त्या रस्त्यावर जावे. वाहतूक थांबवलेल्या लेनमध्ये उभे राहून टॉर्च डोळ्यालगत धरावा आणि पट्ट्यावर लांबवर रोखावा. चांगला पट्टा दूरपर्यंत अखंड उजळतो, आणि मणी कमी पडलेली जागा त्यात काळ्या खिंडारासारखी लगेच उठून दिसते. अशा जागांचे साखळी क्रमांक तिथेच लिहून घ्यावेत.

पहिला जोराचा पाऊस पडेल त्या रात्री हीच फेरी पुन्हा करावी. साधे मणी पाण्याच्या पापुद्र्याखाली बुडाले की बहुतेक परावर्तन नाहीसे होते. त्या फेरीत ज्या वळणावर कडेची रेषा हरवलेली दिसेल, तिथे मोठ्या आकाराचे मणी, उंचवट्यांचा पट्टा किंवा परावर्तक रोड स्टड लावण्याची मागणी दुसऱ्याच दिवशी, फोटो आणि साखळी क्रमांकासह, लेखी करावी.